भिंतीतल्या भट्टीची पाठ पाहिली का?



उसाचे बिल हाती आले की आधी देणी भागतात, मग सोसायटीचा हप्ता, मग मुलांच्या फिया. त्यातून चार पैसे उरले तर घराकडे लक्ष जाते. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे नवे घर बांधताना सगळ्यात जास्त हौस होते ती स्वयंपाकघराची. कडप्प्याचा ओटा गेला, ग्रॅनाइटचा आला. ओट्याखाली ट्रॉल्या आल्या. आणि आता त्या ट्रॉल्यांच्या शेजारी, उभ्या कपाटात पक्का बसवलेला, काचेच्या दाराचा विजेचा ओव्हन येऊ लागला आहे.

हौसेला मोल नसते, आणि ती करूही नये असे आम्ही म्हणत नाही. घरच्या लेकी-सुनांनी घरी पाव भाजावा, गुळाचा केक करावा, दिवाळीची नानकटाई घरच्या घरी व्हावी, हे चांगलेच आहे. पण ही वस्तू मिक्सरसारखी ओट्यावर ठेवून वापरायची नाही. ती लाकडी कपाटाच्या पोटात बसवलेली भट्टी आहे. तिचे तोंड सगळे पाहतात, पाठ कोणी पाहत नाही. आणि धोका असतो तो पाठीलाच. म्हणून हा लेख.

आपली जुनी भट्टी

बांधीव भट्टी आपल्याला नवी नाही. मातीची चूल ही बांधीवच होती. तिला शेजारी वैल होता, म्हणजे पुढच्या जाळाची ऊब मागच्या भांड्याला मिळे. चूल कुठे तडकली, राख कधी काढायची, धूर कुठून जातो, हे घरातल्या बाईला न बघता कळत असे. कारण चुलीची कोणतीच बाजू झाकलेली नव्हती. रोज सारवताना तिच्या अंगावरून हात फिरत असे. तो हात फिरणे हीच तिची तपासणी.

भाजण्याच्या कामाला मात्र घरात सोय नव्हती. पुण्यात आणि तालुक्याच्या गावी दिवाळीच्या आधी बायका रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जात आणि नानकटाई भाजून पत्र्याच्या डब्यातून घरी आणत. काही घरी अ‍ॅल्युमिनियमचे केकपात्र असे. खाली वाळूची ताटली, वर भांडे, झाकणावर निखारे. त्यातही भट्टी डोळ्यासमोरच असे. आता प्रथमच अशी भट्टी घरात आली आहे की जिच्या चार बाजू लाकडाआड आहेत आणि फक्त एक बाजू आपल्यासमोर आहे.

मंडईची खरेदी

पुण्याची खरेदी म्हटली की आपली पावले मंडईकडे वळतात. घाऊक भाजीपाल्याचा व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला त्याला बरीच वर्षे झाली, पण अठरापगड खरेदीसाठी मंडईला तोड नाही. सप्टेंबर २०२४ पासून तर मेट्रो थेट मंडईच्या पोटात नेऊन सोडते. ओव्हन शहरातल्या मोठ्या दुकानात मिळेल. पण त्याला लागणारी ताटे, जाळ्या, साचे, चिमटे हे सगळे तुळशीबागेत आणि आसपासच्या भांड्यांच्या दुकानांत. खिळा-स्क्रू आणि हत्यारे बोहरी आळीत. आणि वायर, स्विच, बोर्ड घ्यायचे तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. सगळे पायी हिंडण्याच्या अंतरात.

मंडईची ती अष्टकोनी दगडी इमारत १८८६ साली पुरी झाली. तेव्हा तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव होते. तिच्यावरच्या खर्चाला त्या काळी नगरपालिकेचे सदस्य राहिलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. पुढे त्याच इमारतीला, आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने, महात्मा फुले यांचेच नाव मिळाले. खर्च करण्याआधी तो कशावर होतो आहे हे विचारावे, एवढे तरी या नावाखाली खरेदी करताना आपण लक्षात ठेवायला हरकत नाही. कारण बहुतेक घरांत हिशेब असा होतो : ओव्हनला चाळीस-पन्नास हजार काढायला कोणी मागेपुढे पाहत नाही, पण वायर घ्यायची वेळ आली की संभाषण असे होते—

“काका, ह्यातली जरा स्वस्तातली दाखवा की. भिंतीतच जायची आहे, दिसणार थोडीच?”

“वहिनी, दिसणार नाही म्हणूनच चांगली घ्या. दिसती असती तर बिघडलेली तुम्हाला कळली असती.”

दुकानदाराचे हे उत्तर प्रत्येकाने गाठीला बांधावे असे आहे.

वीज किती लागते?

भिंतीतला ओव्हन साधारण २,००० ते ३,५०० वॅटचा असतो. ३,००० वॅटचा धरला तर २३० व्होल्टवर तो सुमारे १३ अँपियर वीज ओढतो. ९ वॅटचे तीनशेहून अधिक दिवे एकदम लावल्यासारखे हे झाले. म्हणून—

साध्या ५ किंवा ६ अँपियरच्या बोर्डावर ओव्हन कधीही जोडू नये. त्याला १६ अँपियरचे, फक्त त्याच्याचसाठी असे वेगळे कनेक्शन मुख्य बोर्डापासून ओढावे. वायर आय.एस.आय. खुणेची, तांब्याची, निदान २.५ चौरस मिलिमीटरची असावी. बोर्डापासून अंतर लांब असेल किंवा ओव्हन मोठा असेल तर ४ चौरस मिलिमीटरची घ्यावी. ओव्हनसोबत येणाऱ्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते वायरमनला वाचून दाखवावे. पुस्तिकेत याहून जास्त मागितले असेल तर तेच खरे. मिक्सर, फ्रीज किंवा पाण्याची मोटार त्याच लाइनवर घेऊ नये. मल्टिप्लग आणि एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. ओव्हनचे अंग लोखंडी आहे. आतली वायर सैल होऊन त्या अंगाला टेकली आणि अर्थिंग नसेल, तर ओल्या हाताने दार उघडणाऱ्या बाईच्या अंगातून वीज जमिनीत जाते. तीन पिनांचा प्लग आहे म्हणजे अर्थिंग आहे असे समजू नये. पुष्कळ घरांत तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते. वायरमनकडून मीटर लावून खात्री करून घ्यावी. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो. त्यात अधूनमधून पाणी घालावे. शिवाय मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आर.सी.सी.बी. बसवावा. वीज भलत्या वाटेने जाऊ लागली की हे यंत्र क्षणार्धात पुरवठा तोडते. त्यावर चाचणीचे एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून पाहावे. दाबल्यावर वीज गेली नाही, तर यंत्र बिघडले म्हणून समजावे आणि बदलून घ्यावे.

तिसरी गोष्ट, ओव्हन बंद करण्याचा मुख्य स्विच हाताशी हवा. ओव्हनच्या मागे प्लग लावून टाकला तर आग लागल्यावर तो काढणार कसा? स्विच शेजारच्या कपाटाच्या वरच्या बाजूला, सहज पोहोचेल असा घ्यावा.

खेड्यातली वीज आणि ओव्हन

आपल्याकडे संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज पडते. ओव्हनची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० चे २०० व्होल्ट झाले तर उष्णता सुमारे पाव हिश्श्याने कमी होते. मग केक फुगत नाही आणि दोष सुनेच्या हाताला येतो! दोष हाताचा नसून व्होल्टेजचा असतो. अशा वेळी काटा उगाच वाढवू नये; मोटारी बंद असतील अशा वेळेला भाजणे करावे.

मध्येच वीज गेली तर ओव्हनचे बटण बंदवर आणावे. नाहीतर रात्री वीज येते, सगळे झोपलेले असतात आणि रिकामा ओव्हन तापत बसतो. ज्या ओव्हनमध्ये आकड्यांचे घड्याळ असते त्यांपैकी पुष्कळ, वीज आल्यावर घड्याळ लावल्याशिवाय सुरूच होत नाहीत. तो बिघाड नव्हे. घरच्या इन्व्हर्टरवर मात्र ओव्हन कधी जोडू नये. ते त्याचे कामच नाही.

कपाट कसे असावे?

ओव्हन चालू असताना आत २०० ते २५० अंश सेल्सिअस उष्णता असते. भिंतींना उष्णतारोधक थर असला तरी थोडी ऊब बाहेर येतेच. ती ऊब बाहेर काढायला बहुतेक ओव्हनमध्ये पंखा असतो. भाजणे संपवून बटण बंद केल्यावरही तो काही वेळ घुर्र करीत राहतो. पुष्कळांना वाटते, बंद होत नाही, म्हणून मुख्य स्विचच बंद करून टाकतात. तसे करू नये. तो आपले काम पुरे करून आपोआप थांबतो.

पण पंख्याने काढलेली हवा जायला वाट तर पाहिजे! सुतार कपाट करतो ते चारी बाजूंनी घट्ट, मागे प्लायवूड, काम कसे सफाईदार. ओव्हनच्या कपाटाला तीच सफाई घातक. मागची फळी काढलेली किंवा मोठी खाच ठेवलेली असावी. खाली-वर हवा खेळायला फट असावी. किती फट, हे पुस्तिकेत चित्रासह दिलेले असते. ते चित्र सुतारापुढे कपाट कापण्याआधी ठेवावे, नंतर नव्हे. प्लायवूड आणि त्यावरचा डिंक उष्णता सोसणारा आहे का, तेही विचारावे.

यातच एक मोठी चूक पुष्कळ घरांत होते. ओट्यावर ठेवायचा सुटा ओव्हन स्वस्त पडतो म्हणून तो आणतात आणि सुताराकडून खण करवून त्यात कोंबतात. दिसायला तो भिंतीतल्यासारखाच दिसतो. पण सुटा ओव्हन मोकळ्या हवेत वापरण्यासाठी केलेला असतो. चारी बाजूंनी आणि वरून मोकळी जागा त्याला लागते. बंद खणात तो आपल्याच उष्णतेत शिजतो आणि शेजारची फळी वाळून काळी पडत जाते. सुटा आहे तो सुटाच ठेवा. भिंतीत बसवायचा असेल तर भिंतीसाठी केलेलाच घ्या.

गॅसचे सिलिंडर आणि ओव्हन एका कपाटात किंवा लागून असलेल्या कपाटात ठेवू नये. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो; गळती झाली तर तो खाली, जमिनीलगत, कपाटाच्या कोपऱ्यात साठतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. म्हणून सिलिंडरच्या खणाला तळाशी झरोका हवा. पुण्यात ज्यांच्याकडे नळाचा गॅस आला आहे तो हवेपेक्षा हलका. त्याला झरोका वर हवा. गॅसचा वास आला तर ओव्हनचे, दिव्याचे, कसलेच बटण दाबू नये, चालूचेही नाही आणि बंदचेही नाही. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

ठिणगी किती लहान पुरते याचे उदाहरण मंडईतच घडले. ऑक्टोबर २०२४ मध्ये, मेट्रो स्टेशन सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तोच तिथे वेल्डिंगचे काम चालू असताना फोमने पेट घेतला. अग्निशामक दल वेळेवर पोहोचले, जीवितहानी झाली नाही. इतक्या मोठ्या ठिकाणी असे होऊ शकते, तर आपल्या स्वयंपाकघरात ओव्हनला टेकून प्लास्टिकच्या पिशव्या, रद्दी आणि तेलाचे डबे ठेवण्यात शहाणपण नाही.

रोजचा वापर

पहिल्यांदा ओव्हन रिकामाच, खिडक्या उघड्या ठेवून, चांगला अर्धा-पाऊण तास तापवावा. कारखान्यातले तेल आणि नव्या थराचा वास त्यात निघून जातो. लहान मुले आणि दमेकरी माणसे त्या वेळी स्वयंपाकघरात नकोत.

ताट नेहमी जाळीवर ठेवावे, ओव्हनच्या तळावर नाही. तळाला अ‍ॅल्युमिनियमचा कागद अंथरण्याची युक्ती कोणी सांगेल. ती करू नये. त्याने उष्णता अडते, खालचा मुलामा खराब होतो आणि कधी कागद तळाला चिकटून बसतो.

दार उघडताना तोंड बाजूला ठेवावे. कुकरचे झाकण काढताना जी काळजी घेतो तीच इथे. भांडे काढायला कोरडे, जाड हातमोजे वापरावेत. ओल्या फडक्याने भांडे धरले की पाण्याची वाफ होऊन हात भाजतो. पदर, ओढणी, सैल बाही आवरून घ्यावी. काचेचे दार बाहेरून निवलेले वाटले तरी लहान मुलाच्या हाताला ते पुरेसे गरम असते. उघड्या दारावर जड भांडे ठेवू नये आणि मुलांना त्यावर टेकू देऊ नये. बिजागरी वाकते आणि मग दार घट्ट बसत नाही.

आत काही पेटले तर? दार उघडू नये. मुख्य स्विच बंद करावा आणि दार मिटलेलेच ठेवावे. कढईतल्या तेलाने पेट घेतला की आपण झाकण ठेवतो, तसेच हे. हवा मिळाली नाही की ज्वाला विझते. पाणी तर मुळीच मारू नये. धूर कपाटातून येऊ लागला तर सगळ्यांना बाहेर काढून १०१ किंवा ११२ ला फोन करावा.

कोणी भाजले तर भाजलेला भाग नळाच्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. हळद, टूथपेस्ट, शाई, बर्फ यांतले काही लावू नये. बांगड्या, अंगठी सूज येण्याआधी काढावी. मोठे भाजले असेल तर १०८ ची गाडी बोलवावी.

निगा

साखर आपल्याच कारखान्याची आहे, पण ओव्हनच्या तळावर सांडली की ती आपली वैरी. पाक किंवा गुळाचे सारण उतू गेले तर ते वितळते, काळे पडते आणि दगडासारखे घट्ट होते. मग सुरीने खरवडावे लागते आणि मुलाम्याचे टवके उडतात. म्हणून ओव्हन हात लावण्याइतका निवला, पण पुरता गार झाला नाही, अशा वेळी ओल्या फडक्याने पुसून घ्यावा. जुना डाग असेल तर खायच्या सोड्याची पातळ लापशी रात्रभर लावून ठेवावी आणि सकाळी पुसावी. तापणाऱ्या कांबीला, पंख्याला आणि दिव्याला ती लावू नये. काही ओव्हनच्या आतल्या बाजूंना खरखरीत लेप असतो. तो चरबी आपोआप जाळतो. त्याला सोडा, साबण, घासणी काहीच लावायचे नाही.

दाराची काच तारेच्या घासणीने किंवा पत्र्याने घासू नये. चरा पडलेली काच एखाद्या दिवशी तापल्यावर फुटून विखुरते. गरम काचेवर गार पाणीही नको.

दाराभोवती रबरासारखी पट्टी असते. ती शाबूत आहे का हे पाहण्याची सोपी रीत : ओव्हन गार असताना दारात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि कागद ओढावा. सहज सुटला तर पट्टी सैल झाली. अशा फटीतून उष्णता कपाटात शिरते आणि वीजही वाया जाते. आतला दिवा बदलायचा असेल तर मुख्य स्विच बंद करून, ओव्हन गार झाल्यावर, आणि ओव्हनसाठीचाच दिवा आणावा.

आणखी एक, जे शहराच्या पुस्तिकेत सापडत नाही : उंदीर. आपल्याकडे घरात धान्याची पोती असतात. ओव्हनच्या मागची ऊबदार जागा उंदराला फार आवडते आणि वायर कुरतडायला तर त्याहून. हवेच्या वाटेला बारीक जाळी लावावी, पण वाट बुजवू नये.

हंगामापूर्वीची तपासणी

आपल्या कारखान्याचा बॉयलर पाहा. अग्निप्रदीपन मागाहून होते, तपासणी आधी होते. १९२३ च्या कायद्यापासून या देशात बॉयलर तपासून घेतल्याखेरीज चालवता येत नाही. नारळ फोडला आणि पूजा केली तरी निरीक्षकाच्या प्रमाणपत्राशिवाय वाफ धरत नाहीत. आपण सभासदांनी कधी असे म्हटले नाही की बॉयलर बाहेरून चकचकीत आहे, तपासायचा कशाला?

तोच न्याय घरच्या भट्टीला लावावा. वर्षातून एकदा, दसरा-दिवाळीच्या आधी, वायरमनला बोलावून ओव्हन खणातून चार बोटे पुढे ओढावा आणि त्याची पाठ पाहावी. पाहायचे ते एवढेच :

१. प्लग किंवा वायर कुठे पिवळी, काळी पडली, मऊ झाली आहे का?

२. अर्थिंग लागते आहे का? आर.सी.सी.बी.चे बटण काम करते का?

३. मागची फळी, बाजूचे प्लायवूड करपले, फुगले आहे का?

४. हवेची वाट धूळ, कोळिष्टके, उंदराचा कचरा यांनी बुजली आहे का?

५. दाराची पट्टी आणि बिजागऱ्या ठीक आहेत का?

६. गॅसची नळी आणि सिलिंडर ओव्हनपासून लांब आहेत का? नळीवरची तारीख पाहावी. पाच वर्षे झाली की नळी बदलावी.

हे काम तासाभराचे आहे. आणि एक विनंती घरातल्या कर्त्या पुरुषांना. ओव्हन कुठे बंद होतो, मुख्य स्विच कोणता, आर.सी.सी.बी. कशाला म्हणतात, हे घरातल्या बायकांना आणि मोठ्या मुलांना दाखवून ठेवा. वायरमन येतो तेव्हा त्याच्याशी आपण बोलतो, पण ओव्हनसमोर उभी राहते ती घरची बाई. शेतात मोटार लावायला शिकवतो, तसे हेही शिकवले पाहिजे.

नव्या घराचे काम ज्यांचे चालू आहे त्यांनी भिंतीला गिलावा होण्याआधीच वेगळी लाइन ओढून घ्यावी. ज्यांचा ओव्हन आधीच बसला आहे त्यांनी येत्या रविवारी कपाटाच्या मागे बॅटरी मारून एक नजर टाकावी. फळी काळी दिसली, तर ओव्हन त्या दिवसापासून बंद ठेवावा आणि आधी वायरमनला निरोप धाडावा.